खेळायलाच हवाय, तर तसं सांगा!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे माझं मराठी जरा 'असंच' आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरी कबुली याहून मोठी. फर्स्ट इयरला मी बाबांकडून लॅपटॉप घेतला तो 'सबमिशनसाठी' असं सांगून. खरं म्हणजे मला 'सिम्स ४' खेळायचा होता!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मुख्यतः स्टाफसाठी) थोडक्यात सांगते. सिम्स हा लाइफ सिम्युलेशन गेम. यात गोळ्या नाहीत, गाड्या नाहीत, आणि जिंकणं-हरणंही नाही. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, वेळेवर जेवू-झोपू घालायचं. १९९१ साली अमेरिकेत ऑकलंडला मोठी आग लागली, त्यात विल राइट या गेम डिझायनरचं घर जळालं. सगळं पुन्हा जमवताना माणसाला नक्की काय काय लागतं, हा विचार त्याच्या डोक्यात घोळला आणि त्यातून पुढे २००० साली पहिला सिम्स आला. सिम्स ४ आला २०१४ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२२ पासून मूळ गेम फुकट आहे. फुकट म्हटल्यावर हॉस्टेलमध्ये त्याची साथ पसरणारच!

आता माझी गोष्ट. बाबा एका पतसंस्थेत आहेत. बजेट ठरलं वीस हजार, अर्थात सेकंडहॅण्ड. बाबांनी ओळखीच्या एका काकांना विचारलं, "इंजिनिअरिंगच्या मुलीला कुठला लॅपटॉप घ्यावा?" काका म्हणाले, "आय७ घ्या, डोळे मिटून." दुकानदाराने १८ हजारांत आय७ दिलासुद्धा. सगळे खूश.

हॉस्टेलवर आणून गेम टाकला. लोडिंगला लावून मी मेसमधून चहा पिऊन यायचे, तरी ती हिरवी खूण गोल गोल फिरतच असायची. घरात तीन माणसं झाली की गेम अडखळायचा. चौथं आलं की पंखा असा ओरडायचा, की रूममेट म्हणायची, "विमान उतरतंय का गं?"

झालं होतं काय? तो आय७ होता तिसऱ्या पिढीचा. आय७-३५२०एम, २०१२ चा माल, त्यात कोअर फक्त २. याउलट आठव्या पिढीच्या साध्या आय५-८२५०यू मध्ये कोअर ४ असतात! म्हणजे नावातला ५ की ७ बघण्याआधी डॅशनंतरचा आकडा बघायचा असतो. ३ ने सुरू झाला तर तिसरी पिढी, ८ ने सुरू झाला तर आठवी. ही एवढीशी गोष्ट आमच्या तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हती. वर जुनी हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ तर एवढ्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालतच नाही.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत धीर करून बाबांना खरं सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अगं, आमच्याकडे कर्जाला माणूस आला की पहिला प्रश्न काय असतो? कशासाठी पाहिजे. म्हशीसाठी म्हणून काढलं आणि लग्नात उडवलं, की हप्ते थकलेच समज. खेळायला पाहिजे म्हणाली असतीस, तर मी काकांना तेच विचारलं असतं ना!"

मला त्या दिवशी कळलं की खोटं बोलून मी बाबांना फसवलं, ते तर आहेच. पण प्रश्नच चुकीचा विचारला गेला, म्हणून उत्तरही चुकीचं आलं. वर्ड आणि पीपीटीसाठी तो लॅपटॉप ठीक होता. काकाही खोटं बोलले नव्हते आणि दुकानदारही नाही.

म्हणून यंदा रूममेटने घ्यायचा ठरवला तेव्हा आम्ही दुकानात सरळ सांगितलं, "सिम्स खेळायचाय." दुकानदार हसला. हसू दे! कंपन्यांनी वापरून काढलेला आठव्या पिढीचा आय५ मिळाला. थिंकपॅड टी४८०, एलिटबुक ८४० जी५ हे त्याच पिढीतले. याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं, म्हणून ८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि जमलं तर एकाच पट्टीऐवजी ४-४ च्या दोन पट्ट्या टाका. एसएसडी तर हवीच. माझ्या म्हाताऱ्या आय७ लासुद्धा एसएसडी आणि जादा रॅम टाकल्यावर लोडिंगपुरती तरी जान आली. वीस हजारांत जुना 'गेमिंग लॅपटॉप' मिळतोय म्हणून हुरळू नका. तो तापतो, वजनाला धोंडा, आणि बॅटरी बहुधा गेलेली.

दुकानात अर्धा तास मशीन चालू ठेवून पंखा ऐका. बिजागरी हलवून बघा, सगळी बटणं दाबा. बायॉसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, ते रीस्टार्ट करून तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट' टाकलं की बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही समोर येतात. आणि वॉरंटी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

आता मुख्य मुद्दा. आपण सगळेच घरी "अभ्यासासाठी" म्हणतो. मुलं निदान आपापसात तरी "गेमिंगला घेतला" असं छाती फुगवून सांगतात. आम्ही मुली तेही सांगत नाही, कारण आमचा गेम म्हणे बाहुल्यांचा खेळ! असेना का? विल राइटने पहिल्यांदा कल्पना मांडली तेव्हा तिला बाहुलीघरच म्हटलं जायचं. मी सिव्हिलची आहे. स्वयंपाकघराचं दार कुठे काढलं की माणसं एकमेकांना धडकतात, हे मला ड्रॉइंगच्या शीटपेक्षा या बाहुल्यांनी जास्त शिकवलं. पण ही पळवाट नको. काहीही शिकवलं नसतं तरी दिवसभराच्या प्रॅक्टिकल्सनंतर तासभर खेळणं हा काही गुन्हा नाही.

गंमत म्हणजे सिम्समध्ये एकटा नवा सिम सुरू केला की त्याच्या हातात २०,००० सिमोलिऑन असतात. म्हणजे आमच्या बजेटचाच आकडा! त्यात आधी मोठा टीव्ही घेतला, तर पलंगाला पैसे उरत नाहीत आणि सिम बिचारा पेंगत फिरतो. तिथे गेम रीस्टार्ट करता येतो. बाबांचे १८ हजार रीस्टार्ट होत नाहीत.

तेव्हा ज्युनिअर्सनो, घरी फोन लावाल तेव्हा आधी 'कशासाठी' ते खरं सांगा. मग पिढी, रॅम, एसएसडी सगळं बघा. आणि स्टाफपैकी कुणाला सिम्स शिकायचा असेल, तर रात्री जेवणानंतर आमच्या कॉमन रूममध्ये स्वागत आहे. रेक्टर मॅडम, तुम्हीसुद्धा!