अंगणात पडलेला दगड धुऊ नका

अमेरिकेत टेक्सासमधील मोनाहान्स या गावी २२ मार्च १९९८ रोजी सात मुले बास्केटबॉल खेळत होती. त्यांच्या जवळच आकाशातून एक दगड येऊन पडला. दोन-तीन दिवसांत तो ह्यूस्टनला ‘नासा’च्या प्रयोगशाळेत पोहोचला. तिथे फोडल्यावर त्यात जांभळट मिठाचे स्फटिक निघाले आणि त्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. सूर्यमाला नुकतीच आकार घेत होती, तेव्हाचे हे मीठ. मीठ पाण्यात विरघळते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मधल्या काळात एखादी सर आली असती, किंवा कुणी तो दगड कौतुकाने नळाखाली धरला असता, तर हा पुरावा तिथेच संपला असता.

सूर्य आणि ग्रह वायू व धुळीच्या एका ढगातून जन्मले. ढग आकसला, मध्ये सूर्य पेटला आणि भोवती उरलेल्या द्रव्याची फिरती तबकडी झाली. अशा तबकड्या आज दुसऱ्या ताऱ्यांभोवती दिसतात. चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणीने २०१४ मध्ये टिपलेले एचएल टॉरी या तरुण ताऱ्याचे छायाचित्र, एकात एक कडी असलेले, अनेकांनी पाहिले असेल. आपली तबकडी मात्र केव्हाच विरून गेली. पृथ्वीवर तिचा कागद शोधून उपयोग नाही. पृथ्वी वितळली, ढवळली गेली, जन्मवेळचे काहीच तिने जागेवर ठेवले नाही. जपून ठेवले ते लघुग्रहांनी, आणि त्यांचे तुकडे अधूनमधून आपल्या शेतात पडतात. त्यांना अशनी म्हणतात.

या दगडांतून काळ कसा वाचतात, हे डॉक्टरला समजायला सोपे जाते. थायरॉइडच्या काही आजारांत आम्ही किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतो. ते आठ दिवसांत निम्मे होते आणि त्याचा झेनॉन वायू बनतो. त्याचाच भाऊ आयोडीन-१२९. त्याला निम्मे व्हायला सुमारे दीड कोटी वर्षे लागतात. १९६० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन रेनॉल्ड्स यांना रिचर्डटन नावाच्या अशनीत झेनॉन-१२९ अपेक्षेपेक्षा जास्त सापडला. म्हणजे दगड घडताना ते आयोडीन शिल्लक होते. ॲल्युमिनियम-२६ तर सुमारे सात लाख वर्षांतच निम्मे होते. मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या आयेंदे अशनीतल्या पांढऱ्या कणांत त्याच्या खुणा १९७६ मध्ये ओळखल्या गेल्या. अशा कणांचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे भरते. सूर्यमालेत घडलेले याहून जुने घन द्रव्य आपल्या हाती नाही.

यात आपल्या देशातल्या एका दगडाचा वाटा मोठा आहे. राजस्थानात पिपलिया कलाँ येथे जून १९९६ मध्ये पडलेला अशनी म्हणजे एका लहानशा ग्रहपिंडावर थिजलेला लाव्हा होता. एवढासा पिंड वितळला कशाने? अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी १९९९ मध्ये त्यात ॲल्युमिनियम-२६ च्या खुणा दाखवल्या. पिंड वितळवणारी उष्णता याच मूलद्रव्याची असावी, या तर्काला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

आता चुंबकाची गोष्ट. संशयास्पद दगडाला लोहचुंबक लावून पाहायचे, हा सर्रास दिला जाणारा सल्ला. तो देऊ नये, असे माझे मत आहे. तबकडीत वायू होता तोवर तिला चुंबकीय क्षेत्र होते आणि दगड थंड होताना त्याची नोंद आत गोठून राहते. अँग्राइट या दुर्मीळ जातीच्या अशनींतली ही नोंद वाचून अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आपल्या तबकडीतला वायू सुमारे ४० लाख वर्षांत ओसरल्याचे अनुमान काढले. गुरू-शनीसारखे ग्रह वायूने भरले ते त्याआधीच. ही नोंद हातातल्या साध्या चुंबकाने क्षणात पुसली जाते.

आपल्याकडे असे दगड पडतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला दगडांचा वर्षाव झाला. गुजरातमध्ये दियोदर भागात १७ ऑगस्ट २०२२ रोजी पडलेला दगड ऑब्राइट जातीचा निघाला. भारतात त्याआधीचा असा दगड १८५२ मध्ये उत्तर प्रदेशातील बस्ती येथे पडला होता. ओल्डहॅमाइट हे खनिज बस्तीच्याच दगडात प्रथम ओळखले गेले. दमट हवेत ते टिकत नाही. दियोदरचा दगड पडला तो मात्र ऐन पावसाळ्यात.

लोक विचारतात, असा दगड हाताळला तर किरणोत्साराची बाधा होते का? होत नाही. वर सांगितलेली मूलद्रव्ये केव्हाच संपली, उरल्या त्या खुणा. हात लावू नये तो दगडाच्या भल्यासाठी, कारण घाम आणि तेल त्याला लागते. फोटो काढा, वेळ व जागा लिहा, स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवा, तहसील कार्यालयाला कळवा. दगड देवळात ठेवला जातो, त्यालाही माझी हरकत नाही. हरकत अभिषेकाला आहे.

पण कळवल्यावर पुढे काय? शवविच्छेदनात विषबाधेच्या संशयाने व्हिसेरा राखायचा तर तो फॉर्मलिनमध्ये घालायचा नाही, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचा, सील करायचा, पावती घ्यायची, हे सरकारी रुग्णालयातल्या नव्या डॉक्टरलाही शिकवलेले असते. अशनी जतन करणे हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे काम. दगड मात्र आधी पोहोचतो तो पोलीस पाटील आणि तलाठ्याकडे. त्यांच्यासाठी एक पानी मराठी सूचना आणि पंचनाम्याचा साधा नमुना जिल्हा प्रशासनाने काढावा. सापडवणाऱ्याला पावती मिळावी, दगडाच्या नोंदीत त्याचे नाव राहावे आणि काही रक्कमही मिळावी. फुकट द्यायला सांगितले, तर तो दगड विकत घेणाऱ्याकडे जाईल. हे सारे पावसाळ्याआधी व्हायला हवे.