एकदाच पाहणारा प्रेक्षक

दिवाणी-फौजदारी : साक्षेपी

अब्रूनुकसानीच्या दाव्यात बदनामी झाली की नाही हे ठरण्यापूर्वी, जे बोलले गेले त्याचा अर्थ काय हे ठरावे लागते. आणि छापील मजकुराच्या बाबतीत वादाला निदान ओळीचा आधार असतो, तर दूरचित्रवाणीवर शब्द निरुपद्रवी असूनही त्यांच्यामागे सरकणारे चित्र एखाद्याच्या आयुष्यभराच्या लौकिकाची वाताहत करून जाते.

बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांबद्दल १९७५ साली जन्मठेप झालेल्या सहा जणांविरुद्ध रासायनिक चाचणीचा पुरावा देणारे डॉ. फ्रँक स्क्यूज यांनी ग्रॅनाडा टेलिव्हिजनवर, तिच्या एका कार्यक्रमावरून, अब्रूनुकसानीचा दावा लावला होता. प्रकरण अपील न्यायालयापुढे आले तोवर, १९९१ साली, त्या सहाही जणांची शिक्षा रद्द झाली होती. तथापि सर थॉमस बिंगहॅम यांनी कसोटी सांगितली ती अशी, की १९८५ साली तो कार्यक्रम एकदाच पाहणाऱ्या सामान्य, समंजस प्रेक्षकाला जो अर्थ उमगला असता तोच ग्राह्य. हा प्रेक्षक भोळसट नव्हे, सूचित तेही तो ओळखतो. परंतु जेथे तेथे काळेबेरे हुडकणाराही तो नव्हे.

या कसोटीतला ‘एकदाच’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. वकीलमंडळी ध्वनिफितीची लेखी नक्कल पुढ्यात घेऊन मीमांसकांच्या चिकाटीने शब्दाशब्दाचा कीस काढतात. प्रेक्षकाने मात्र तो कार्यक्रम जेवता जेवता पाहिलेला असतो. म्हणूनच इंग्लंडातले न्यायाधीश हल्ली उभयपक्षांचे युक्तिवाद वाचण्यापूर्वी चित्रफीत पाहून आपले मत बनवितात. दोन प्रेक्षकांना दोन अर्थ दिसले तरी कायदा एकच मानतो, ही मात्र सोयीसाठी पत्करलेली कल्पना आहे, आणि तिचा जाच कधी वादीला, कधी प्रतिवादीला होतो.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतील ४९९ व्या कलमाखाली (आता न्याय संहितेचे ३५६) एका घड्याळाची उदाहरणे आहेत : ‘घड्याळ कोणी चोरले?’ असे विचारताच एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविणे, किंवा घड्याळ घेऊन पळणाऱ्या माणसाचे चित्र काढणे. शब्द एकही नाही, तरी बदनामी पुरी. २००८ साली गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत, नामसाधर्म्यामुळे, एका वृत्तवाहिनीने दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या जागी माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे पंधरा सेकंद दाखविले, तेव्हा घडले ते हेच. २०११ साली पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींचा हुकूमनामा केला; उच्च न्यायालयाने वीस कोटी रोख भरून उरलेल्या ऐंशी कोटींची बँकेची हमी देण्यास सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. रक्कम मला अवाच्या सवा वाटते; अर्थाविषयी मात्र शंकेला जागा नव्हती, कारण ओझरते पाहणाऱ्याला नाव नव्हे, चेहरा दिसतो.

आपल्या दिवाणी न्यायालयांत पहिल्याच तारखेला न्यायाधीशांच्या हाती पडतो तो दावाअर्ज, ज्यात वादीच्या वकिलाने कार्यक्रमाचा अर्थ आधीच ठासून लिहिलेला असतो. तो अर्ज आणि त्यावरची कैफियत क्षणभर बाजूला सारून आधी चित्रफीत लावावी, आणि तीही एकदाच, अशी माझी सूचना आहे.