बिल्ला विका, आजोबा विकू नका

देऊळघाटला आमच्या मोहल्ल्यात भंगारवाला आला की बायका तुटक्या बादल्या, गंजलेले डबे आणि बिघडलेले स्टोव्ह घेऊन दारात उभ्या राहतात. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो तोंडावर सांगतो, मी पितळ घेतो आणि किलोने घेतो. माझी तक्रार दुसऱ्या एका गिऱ्हाइकाबद्दल आहे. तो गाडीतून येतो, खिशात भिंग बाळगतो, अदबीने सलाम करतो आणि म्हणतो, "मला इतिहासाची आवड आहे."

असाच एकजण ओळखीच्या एका घरी येऊन गेला. त्या घरात पत्र्याच्या जुन्या डब्यात तीन वस्तू होत्या: टोपीवरचा पितळी बिल्ला, खांद्यावर लावायची धातूची अक्षरे आणि फीत गळून पडलेले एक चांदीचे पदक. त्याने भाव केला, रोख पैसे दिले आणि निघून गेला. मी दोन दिवस उशिरा पोचलो. घरातल्या म्हाताऱ्या खाला म्हणाल्या, "बडे दादा की निशानी थी. बसरे कू गये थे." दादांची पलटण कोणती, ते केव्हा गेले, केव्हा परतले, काही कोणाला सांगता येईना. पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे होती एवढे आठवत होते. ती अक्षरे म्हणजे दादांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. शंभर वर्षे ती त्या घरात होती. कोणी वाचली नाहीत, आणि ज्याला वाचता येत होती तो घेऊन गेला. जाताना दादा कोण होते, एवढेही त्याने विचारले नाही.

इतिहासाची आवड असलेला माणूस हे विचारत नसेल, तर त्याच्यात आणि भंगारवाल्यात फरक एकच. भंगारवाला भाव कमी देतो.

हा छंद जगभर आहे. दोन महायुद्धांतल्या ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या फौजांचे बिल्ले, पट्ट्या, बटणे, पदके जमवणारे लोक इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत, तसेच पुण्या-मुंबईतही आहेत. त्यांची विद्या खरी आहे, हे मी मान्य करतो. बिल्ल्यावरचा मुकुट बघून तो राजाच्या काळातला की 1952 नंतर राणीच्या काळातला, हे ते सांगतात. मागच्या कड्या आणि डाग बघून अस्सल-नक्कल ओळखतात. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा तांबडा गरुड आणि पाचव्या डिव्हिजनचा आगीचा गोळा ते दुरून ओळखतात. एवढी बारीक नजर असलेल्या माणसाला समोर बसलेली म्हातारी मात्र दिसत नाही, याचेच मला नवल वाटते.

पदक आणि बिल्ला यांत एक मोठा फरक आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर सैनिकाचे नाव ठोकलेले असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदके बिननावाची मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर पुष्कळदा नाव सापडते. टोपीच्या बिल्ल्यावर मात्र नाव कधीच नसते. हजारो शिपायांनी अगदी एकसारखा बिल्ला लावलेला असतो. तो कोणाच्या डोक्यावर होता हे फक्त घर सांगू शकते. घरापासून तोडलात की बिल्ला मुका होतो. आणि पदक एका गिऱ्हाइकाला, बिल्ला दुसऱ्याला असे विकलेत, तर नाव एका देशात जाते आणि बिल्ला दुसऱ्या देशात.

आपल्याकडे हा मुकेपणा जास्त महागात पडतो, कारण आपल्याकडचे बिल्ले अर्धेच सांगतात.

'मराठा' पलटणींचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धाच्या आधी आणि त्या काळात 117 व्या मराठा पलटणीसारख्या पलटणींत बहुतेक कंपन्या मराठ्यांच्या होत्या, पण त्यांच्यासोबत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत त्या अडकून पडल्या, उपाशी राहिल्या आणि शेवटी तुर्कांच्या कैदेत गेल्या. बिल्ला सांगणार 'मराठा'. त्या बिल्ल्याखाली एखादा शेख किंवा पठाण होता हे बिल्ला सांगणार नाही. ते पदकाची कड सांगेल, नाहीतर घर सांगेल. दोन्ही गेली की मराठी मुलखातला मुसलमान त्या पलटणीत होता याचा घरोघरचा पुरावाच गेला.

आमच्या वऱ्हाडाचे तर आणखी विचित्र. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तो हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे देऊळघाटच्या शेतकऱ्याचा सारा त्या फौजेच्या पगाराला जात होता. 1903 मध्ये ही फौज भारतीय सैन्यात मिळाली आणि तिच्यातल्या एका पलटणीला नाव मिळाले '96 वी बेरार इन्फंट्री'. 1922 नंतर ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची एक बटालियन झाली. कुमाऊँचे लोक, जाट, अहीर यांच्यासोबत या रेजिमेंटमध्ये दख्खनी मुसलमानही होते. 27 ऑक्टोबर 1945 रोजी रेजिमेंटचे नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झाले. तिच्या बिल्ल्यावर आजही जो सिंह आहे तो रसेल घराण्याच्या चिन्हातला. हेन्री रसेल हा हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट, ज्याने या फौजेची सुरुवात केली. साहेबाच्या घराण्याचा सिंह दोनशे वर्षांनंतरही टिकला, पण त्याच फौजेतल्या वऱ्हाडी-दख्खनी शिपायाचे नाव त्याच्या नातवालाही ठाऊक नाही. साहेबाने आपली खूण जपली आणि आपण आपली डब्यात टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

हे दुःख फक्त मुसलमानांचे आहे असे कोणी समजू नये. महार सैनिकांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. गरज पडली तेव्हा पहिल्या महायुद्धात 111 वी महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर मोडली. पुढे 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. 1946 मध्ये त्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आल्या आणि पुढे स्तंभ काढला गेला. म्हणजे निव्वळ स्तंभाचा बिल्ला जेमतेम पाच वर्षांचा. म्हणूनच बाजारात त्याला भाव. पण ज्या घरातून तो निघतो त्या घराच्या दृष्टीने तो बंद केलेले दार पुन्हा उघडल्याची खूण आहे. 'दुर्मिळ, स्थिती उत्तम' एवढ्या तीन शब्दांत तो विकणाऱ्याला मी इतिहासप्रेमी कसे म्हणू?

आता बसऱ्याकडे वळू, कारण दादा तिकडेच गेले होते. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली. भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा, बस. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. माफी मागायला शंभर वर्षे लागली, पण मागितली. साम्राज्याने शिपायाला आकडा केला म्हणून आपण संतापतो, ते योग्यच आहे. पण दादा जिवंत परत आले होते. त्यांचे नाव दगडावर नसले तरी चांदीच्या कडेवर होते, घरात होते. ते घालवले आपण, काही नोटांसाठी.

यावर मला तीन उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर संग्राहकांचे. "आम्ही नसतो तर हे सगळे वितळले असते." यात तथ्य आहे. पहिल्या युद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल अस्सल चांदीचे असते. 1980 च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी ढिगाने पदके मुशीत गेली. आपल्या गावोगावच्या सराफांनीही दागिन्यांसाठी काय काय आटवले असेल, अल्लाह जाणे. तुम्ही वाचवलेत, शुक्रिया. पण वाचवले काय? धातू. तुमच्याच छंदातले जाणते लोक सांगतात की एका सैनिकाच्या वस्तू एकत्र राहिल्या आणि त्या कुठून आल्या याची नोंद असली, तरच त्यांना अर्थ आहे. मग खालांच्या ओट्यावर बसून पाच ओळी लिहून घ्यायला कोणी अडवले होते? नोंद केली की घराला वस्तूची किंमत कळते आणि भाव वाढतो. न विचारण्यामागे विसराळूपणा नसून हिशेब आहे, असा माझा आरोप आहे. आणि एक गोष्ट कायद्याचीही आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे उलटलेली ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या युद्धाच्या पदकांनी शंभरी ओलांडली आहे. ती पाकिटात घालून लंडनला पाठवणाऱ्याने 'आम्ही वारसा जपतो' ही भाषा तरी करू नये.

दुसरे उत्तर तरुणांचे. "इंग्रजांची चाकरी केली, त्याचे काय जपायचे? गुलामीची खूण आहे ती." बाबांनो, पहिल्या युद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले, दुसऱ्यात सैन्य पंचवीस लाखांवर पोचले. एवढी माणसे काही राजाच्या प्रेमात पडली नव्हती. कोरडवाहू शेती, सावकार आणि महिन्याला ठरलेला पगार, हे कारण बहुतेकांना पुरेसे होते. गुलामीची खूण असेल तरी ती आपल्या घरच्या माणसाच्या अंगावरची आहे. अंगावरचा वण कोणी मोडीत घालत नाही.

तिसरे उत्तर आपल्याच लोकांचे, आणि मला ते सर्वांत जास्त खुपते. काही घरांत पदके चौकटीत लावली जातात आणि कोणी मुसलमानांच्या निष्ठेवर बोलले की बोट दाखवून म्हटले जाते, "हे बघा, आमच्या दादांनी देशासाठी लढाई केली." नका करू असे. एक तर ते खरे नाही. दादा राजाच्या फौजेत होते. दुसरे म्हणजे, दाखला त्याने दाखवावा ज्याच्यावर आरोप सिद्ध व्हायचा आहे. भारतीय सैनिकांतला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस खुदादाद खानला मिळाला, 31 ऑक्टोबर 1914 च्या लढाईसाठी. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 15 फेब्रुवारी 1915 ला सिंगापूरमध्ये पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केले. आपल्याला तुर्कांशी लढायला धाडतात अशी बातमी त्यांच्यात पसरली होती. 47 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. दोघेही एकाच राजाचे शिपाई. यातला कोणता मुसलमान 'आपला', हे बिल्ल्यावरून ठरवायला बसलात तर अर्धे आजोबा लपवावे लागतील. मला दोन्ही हवेत, आणि दोघांनीही मला नागरिकत्वाचे सर्टिफिकेट देण्याची गरज नाही. ते संविधानाने दिले आहे.

म्हणून माझे म्हणणे सोपे आहे. आजोबांना देशभक्त ठरवू नका, गुलामही ठरवू नका. आधी त्यांचे नाव वाचा.

घरात अशी वस्तू असेल तर तिला चिंच-राख लावून चकचकीत करू नका, घासून अक्षरे जातात. उन्हात तिरकी धरा, कडेवरची अक्षरे वहीत उतरवा, शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: कोण होते, कोणत्या गावचे, कुठे गेले, परत आले का, पेन्शन येत होती का. दादी जे सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा. वहीचे ते पान डब्यात ठेवा. एवढे केल्यावर गरज असेल तर खुशाल विका. मुलीच्या लग्नात, दवाखान्यात पैसे लागतात, गरिबाला मी वारशाचे प्रवचन देणार नाही. पण त्या पानाची एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि पदकासोबत ती राहिली पाहिजे असे बजावा. जो ती घ्यायला तयार नसेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि छंदिष्ट मित्रांनो, तुमच्याकडे आजवर जमलेल्या किती बिल्ल्यांखाली माणसाचे आणि गावाचे नाव लिहिलेले आहे? मोजून बघा. ज्यांच्याखाली नाव नाही, पण घर आठवते, त्या घरी एकदा परत जा. घ्यायला गेला होता तो रस्ता तुम्हाला माहीत आहे.

देऊळघाटच्या त्या खाला अजून आहेत. डबाही आहे. आता त्यात सुया-दोरे ठेवतात.