कल्पित राज्यांतील मानकरी

गेल्या कांहीं वर्षांत काल्पनिक राज्यांच्या अद्भुत कथांचें पीक मराठींत चांगलेंच तरारून आलें आहे. पुस्तक उघडावें तों पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर राजवंशाची वेल आणि तिसऱ्यावर दरबारची उतरंड. सम्राट, महासामंत, सामंत, उपसामंत. मध्येंच कोठें ‘ड्यूक’ आणि ‘लॉर्ड’ यांचें उसनें बिऱ्हाड. प्रत्येकाचें निशाण निराळें, प्रत्येकाची पगडी निराळी, प्रत्येकाचें आसन सिंहासनापासून किती हातांवर हेंही ठरलेलें. ही सारी मांडामांड वाचून झाली, म्हणजे साध्या वाचकाच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहतो: हीं माणसें खातात काय? त्या राज्यांत पेरतो कोण, धान्याची रास मोजतो कोण, आणि मोजलेल्या राशींतून कोणाचा वाटा कोणत्या वाड्याकडे जातो? बहुतेक पुस्तकांत या प्रश्नास उत्तर नाहीं. किंबहुना असा प्रश्न असूं शकतो, याची लेखकास जाणीवही दिसत नाहीं.

आमचें भांडण अद्भुताशीं नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. उडता घोडा, बोलका राघू, सात समुद्रांपलीकडील राक्षसाचा जीव, हें सर्व आम्हांस मान्य आहे. घोडा उडाला तर वाचकाचें कांहीं बिघडत नाहीं. कारण घोडे उडत नाहींत हें त्यास पक्कें ठाऊक असतें. परंतु माणसामाणसांतील उच्चनीचता रक्तांतून आपोआप उगवते असें सांगितलें, तर तें खोटें आहे हें आपल्या देशांत अजून पुष्कळांस ठाऊक नाहीं. म्हणून घोड्याविषयींची थाप निरुपद्रवी, आणि सरदाराविषयींची थाप उपद्रवी, असें आम्ही समजतों.

ही खोड आजची नव्हे. हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालीं आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 सालीं निघाली. मराठी कादंबरीचें बाळपणच राजे, प्रधान व रूपवती नायिका यांच्या संगतींत गेलें. त्या लेखकांस निदान एक सबब होती. पेशवाई 1818 सालीं बुडालेली. दरबार पाहिलेलीं माणसें अजून घराघरांत हयात होतीं, आणि गेलेल्या वैभवाची हुरहूर खरी होती. आजच्या लेखकास ती सबब नाहीं. त्याचा दरबार आठवणींतून येत नाहीं. तो इंग्रजी पुस्तकांतून व पडद्यावरून येतो.

इंग्रजी पुस्तकांतूनच घ्यावयाचें, तर नीट तरी घ्यावें. ‘ड्यूक’ हा शब्द मुळांत लॅटिन भाषेंतील सेनानायक. ‘काउंट’ हा राजाचा सोबती. ‘मार्क्विस’ हा सरहद्दीवरील मुलखाचा राखणदार. इंग्लंडांत पहिला ड्यूक झाला तो 1337 सालीं, आणि पांच पायऱ्यांची आजची चळत त्यानंतर हळूहळू रचली गेली. म्हणजे पदवी ही आधीं कामगिरी होती, मग जमीन झाली, आणि अखेरीस केवळ झगा उरला. इंग्रज कथाकार हे शब्द वापरतो, तेव्हां त्याच्या वाचकाच्या कानांत हा इतिहास घुमत असतो. टोल्कीनच्या 1954–55 सालीं निघालेल्या प्रसिद्ध ग्रंथांत राजा परत येतो खरा. पण त्या ग्रंथाचा भार शेवटपर्यंत वाहतो तो एक माळी, आणि लढाई संपल्यावर लेखकाचें चित्त रमतें तें तंबाखू, बटाटे आणि बागा यांच्या गांवांत. आमच्या अनुकरणकारांनीं मुकुट तेवढा आणला. माळी तिकडेच राहिला.

ज्यांस पदव्यांची खरी अद्भुत कथा पाहिजे असेल, त्यांनीं अमरावती-अकोल्याबाहेर पाऊल टाकण्याचें कारण नाहीं. 1490 च्या सुमारास बहामनी राज्याचा वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला स्वतंत्र झाला. त्याची पदवी ‘इमाद-उल्-मुल्क’, म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. या स्तंभानें धन्याचें छप्पर सोडलें व तो स्वतःच घर होऊन बसला. एलिचपूरची इमादशाही ती हीच. 1574 सालीं अहमदनगरच्या निजामशाहीनें ती गिळली. पुढें 1724 सालीं याच वऱ्हाडांत साखरखेर्ड्यास लढाई झाली, आणि ‘निजाम-उल्-मुल्क’, म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा, या पदवीचा मनुष्य दक्षिणेचा धनी झाला. धन्याची व्यवस्था त्यानें लावली ती अशी! पलीकडे नागपूरचे भोसले ‘सेनासाहेबसुभा’ म्हणवीत. शेतकऱ्याच्या दृष्टीनें या दोन भारदस्त नांवांचा अर्थ एकच होता: एकाच शेतावर वसुलीचे दोन हात, एक हैदराबादचा व एक नागपूरचा.

परंतु या कथेचा कळस पुढेंच आहे. 1853 सालीं निजामानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. 1902 सालीं लॉर्ड कर्झननें तोच प्रांत सालीना 25 लक्ष रुपयांवर कायमचा खंडानें घेतला. निजामास त्या सुमारास ‘जी. सी. बी.’ हा किताब मिळाला, तेव्हां या तीन अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला’, असा लावून लोक हंसले. पुढें 1936 सालीं निजामाच्या वडील पुत्रास ‘वऱ्हाडचे राजपुत्र’ ही पदवी बहाल झाली. ज्या प्रांताचा सारा दुसरा वसूल करतो, ज्याची कचेरी नागपुरास, ज्याचा खंड रोख रकमेंत ठरलेला, त्या प्रांताचें हें राजपुत्रपद! कोणा कथाकारानें हें कल्पिलें असतें, तर संपादकांनीं ‘अतिशयोक्ति’ म्हणून परत केलें असतें. आणि तरीही ही गोष्ट समजावयास सोपी आहे, कारण प्रत्येक पदवीमागें जमाखर्चाची वही उघडी ठेवलेली आहे. पदवी देण्यास कवडी लागत नाहीं. प्रांत घेण्यास 25 लक्ष लागतात. म्हणून एक देऊन दुसरें घेतलें. आमच्या नव्या कथांत किताब आहेत, वही मात्र नाहीं.

मराठ्यांच्या इतिहासाचीही साक्ष अशीच आहे. शिवछत्रपतींनीं 1674 सालीं राज्याभिषेकाचे वेळीं अष्टप्रधानांस संस्कृत नांवें दिलीं. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. आमचे लेखक हीं नांवें मोठ्या हौसेनें उचलतात. परंतु त्या नांवांहून मोलाची गोष्ट त्यांच्या नजरेंतून निसटते. महाराजांचा कल चाकरीबद्दल रोख वेतन देण्याकडे होता, मुलूख तोडून देण्याकडे नव्हता. आणि पद बापामागून लेकास आपोआप जावें हें त्यांस मान्य नव्हतें. पुढें राजारामांच्या बिकट काळांत वतनें व सरंजाम यांचा बांध फुटला, आणि प्रधानपदें वंशपरंपरेचीं झालीं. सचिवाचें भोर झालें, प्रतिनिधीचें औंध झालें, अमात्यांची बावड्याची जहागीर झाली. वतनदार हे राज्याचे दायाद, त्यांस कितीही दिलें तरी पुरत नाहीं, अशा अर्थाचा इशारा ‘आज्ञापत्रां’त आहे, तो ग्रंथ ज्यांच्या नांवावर आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांचेंच घराणें पिढ्यान् पिढ्या जहागीरदार राहिलें. एवढा मोठा विरोध हातीं आयता असतांना आमच्या कथाकारांस दोन राजपुत्रांच्या कट्यारींपलीकडे संघर्ष सुचत नाहीं, याचें नवल वाटतें.

आतां गांवाकडे येऊं. परगण्यावर देशमुख व देशपांडे, गांवावर पाटील व पटवारी, त्यांखालीं बलुतेदार. ही आमच्या मुलखाची उतरंड. पोळ्याच्या तोरणाखालीं पहिली जोडी कोणाची, होळीची पहिली पूजा कोणाची, यावरून डोकीं फुटलीं आणि खटले चालले. बाहेरच्यास हें हास्यास्पद वाटेल. पण बैलजोडीच्या त्या मानामागें वसुलींतील हक्क आणि जमिनीचा तुकडा उभा असे. मान हा हक्काचा दृश्य पुरावा होता. तो एकदां सोडला तर उद्यां हक्कही मागतां येत नसे.

या शिडीस शेवटची पायरीही होती, आणि तीही वतनाचीच होती. महार हा वतनदार म्हणवे. पण त्याचें वतन म्हणजे सरकारची व गांवाची अहोरात्र चाकरी, आणि मोबदल्यांत टीचभर जमीन व दारोदार मागावयाचें बलुतें. 1928 सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदे-कौन्सिलांत महार वतनाच्या सुधारणेचें बिल मांडलें तें याच कारणास्तव. हीं वतनें रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा 1958 सालीं झाला. त्याच्या नांवांतच ‘कनिष्ठ ग्रामवतनें’ असे शब्द आहेत. सरकारी दप्तरानेंसुद्धां शिडीचा तळ नमूद केला. आमच्या कल्पक लेखकांनीं मात्र तो पुसून टाकला. त्यांच्या राज्यांत सामंताखालीं एकदम ‘प्रजा’ लागते. ती जयजयकार करते, लढाईंत मरते, आणि तिच्यांतील एकासही स्वतःचें नांव नसतें.

यावर उत्तर ठरलेलें आहे: ‘अहो, वाचक विरंगुळ्यासाठीं वाचतो, त्यास सारावसुली कशाला?’ सारावसुलीचा तक्ता छापा असें आम्हीही म्हणत नाहीं. पण विरंगुळ्याचा आवडता साचा कोणता तें पाहा. झोपडींत वाढलेला पोर. अंगावर एक खूण. अखेरीस कळतें कीं हा गुराखी नसून राजाचा हरवलेला वारस. वाचक टाळ्या पिटतो. पण या टाळींत एक कबुली दडलेली आहे: गुराखी गुराखी म्हणून थोर असूं शकत नाहीं, थोरवी सिद्ध करावयाची तर त्याचें रक्त बदलावें लागतें. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’नें 1911 सालीं रंगभूमीवर निर्धन शूराची बाजू धनिकापुढें मांडली, आणि 2025 सालीं तीच कथा पुनः पडद्यावर आली. तिच्यांत धैर्यधराची थोरवी त्याच्या कर्तबगारीवर उभी आहे, हरवलेल्या वंशावळीवर नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचें नाटक या बाबतींत नव्या पुस्तकांच्या पुढें आहे.

हा केवळ साहित्याचा वाद असता, तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. 1950 च्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमानें किताब गेले. 1971 च्या सव्विसाव्या दुरुस्तीनें संस्थानिकांची मान्यता व तनखे गेले. 1962 च्या कायद्यानें मुलकी पाटीलकी गेली. वही बंद झाली, पण मान शिल्लक राहिला. सोयरीक जुळवितांना आडनांव अजून तराजूंत घातलें जातें. पणजोबाच्या वाड्याचा पडका दिंडी-दरवाजा अजून हुंड्याच्या बोलणींत उभा राहतो. ज्याच्या घरचा कापूस कर्जाखालीं दबलेला आहे, तो तरुणही ‘आम्ही मूळचे कोण’ याच्या गोष्टींत स्वतःचें दुःख विसरतो. अशा तरुणाच्या हातीं आपण कोणती कथा देतों, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. रक्ताच्या थोरवीचें गोड स्वप्न त्यास मिळालें, तर कर्जाचा हिशेब विचारण्याऐवजीं तो पगडी शोधूं लागेल. आणि त्याच्या शेजारी, ज्याच्या पूर्वजांस कधीं पगडीच नव्हती, तो त्या स्वप्नांतही दाराबाहेरच राहील.

जुन्या उतरंडींत सर्वच वाईट होतें असें म्हणण्याचा आमचा आग्रह नाहीं. लागवड वाढविणें, पडीत जमीन वसविणें, मुलूख राखणें हीं देशमुखाचीं कर्तव्यें होतीं, आणि तीं पाळणारींही माणसें झालीं. परंतु पदवीचें सार्थक कशांत, हें याच मातीनें निराळ्या रीतीनेंही सांगितलें आहे. ‘देशमुख’ हें नांव वाहणाऱ्या पंजाबरावांनीं 1927–28 सालीं अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळींत पुढाकार घेतला, आणि 1932 सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून कुणब्याच्या पोरास शाळेंत बसविलें. शेंडगांवच्या डेबूजीस लोकांनीं ‘महाराज’ म्हटलें. त्या महाराजांचें छत्र म्हणजे डोक्यावरचें गाडगें, आणि राजदंड म्हणजे खराटा. ही पदवी कोणा दरबारानें दिली नाहीं, आणि तिच्यापायीं कोणाच्या राशींतून शेरभर ज्वारीही कमी झाली नाहीं.

त्याहून जुनी साक्ष रिद्धपूरची आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जें ‘लीळाचरित्र’, त्याचा नायक चक्रधर हा महानुभाव परंपरेप्रमाणें गुजराथच्या प्रधानाचा पुत्र. तो वैभव टाकून वऱ्हाडांत आला, आणि रिद्धपुरास ज्या गोविंदप्रभूचा शिष्य झाला, त्यास अस्पृश्यांच्या वस्तींत जाण्यायेण्याचा संकोच नव्हता. सातशें वर्षांपूर्वीं आमच्या भाषेनें आपली पहिली मोठी कथा निवडली ती प्रधानपुत्र सामान्य होण्याची. आज आम्ही सामान्य पोर राजपुत्र निघाल्याच्या कथा रचतों आणि त्यांस नवी कल्पकता म्हणतों. या उलट्या प्रवासास प्रगति म्हणवत नाहीं.

म्हणून नव्या राज्यांच्या या निर्मात्यांस आमची एवढीच विनंति आहे. नकाशा खुशाल काढा, सिंहासन मांडा, हवे तितके सामंत नेमा. पण प्रत्येक मानकऱ्यास दरबारांत बसविण्यापूर्वीं त्यास तीन प्रश्न विचारा: तुझा वाटा कोणाच्या खळ्यावरून येतो? त्याच्या बदल्यांत तूं काय करतोस? आणि तुझ्यासमोर कोणास बसावयाची मनाई आहे? ज्यास उत्तरें देतां येतील, तो मानकरी जिवंत होईल, मग त्याचा घोडा उडो वा न उडो. ज्यास तीं देतां येणार नाहींत, त्याची पगडी उतरवून ठेवा. रिकाम्या डोक्यांवर ती पुष्कळ दिवस मिरवून झाली.