टोमॅटो महागला की घरी लावायचा? मोशीच्या बाल्कनीचं गणित समजून घ्या

जुलै 2023 आठवतोय? टोमॅटोने किलोमागे शंभरी पार केली आणि केंद्र सरकारला दिल्लीसह काही शहरांत स्वस्त टोमॅटो विकावा लागला. भाव असे भडकले की 'घरीच लावा' म्हणणारे रील फिरायला लागतात. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव इतके कोसळले की राज्यात शेतकऱ्यांवर टोमॅटो फेकून द्यायची वेळ आली.

मग चुकतं कुठे?

वेळेत. बी टाकल्यापासून पहिला टोमॅटो हाती यायला साधारण तीन महिने लागतात. जुलैत पेरलात तर ऑक्टोबर उजाडतो. बरं, जुलैसाठी एप्रिलमध्ये पेरलं तर? मोशीत तेव्हा पारा 40 च्या आसपास असतो. 35 अंशांच्या वर टोमॅटोची फुलं गळायला लागतात. शेतातही हेच होतं. म्हणजे ज्या उन्हामुळे बाजारात माल कमी येतो, तेच ऊन तुमच्या कुंडीलाही सोडत नाही.

मोशीची खरी अडचण पाणी

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. मोशीतल्या अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात. उन्हाळ्यात कुंडीला मात्र रोज पाणी लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर येतो, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आरओचं वाया जाणारं पाणी तर आणखी क्षारयुक्त, ते कुंडीत नको. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वापरा आणि मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या. पाणी कमी उडतं.

कधी काय लावायचं?

उन्हाळा: भेंडी, गवार, अंबाडी, राजगिरा. पश्चिमेची बाल्कनी असेल तर दुपारसाठी शेडनेट हवीच.

पावसाळा: दोडका, कारलं. वेलाला दोरी बांधा.

सप्टेंबर-ऑक्टोबर: टोमॅटोची रोपं, मेथी, पालक, कोथिंबीर.

फळझाड: अर्ध्या ड्रममध्ये कागदी लिंबू किंवा कलमी पेरू. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळत असेल तरच. शेवगा बाल्कनीत नको, सोसायटीच्या मोकळ्या जागेत लावा.

माती विकत आणायची का?

थोडी आणावी लागेल, पण खत घरातच आहे. मोशीकरांना कचरा डेपो काय असतो हे वेगळं सांगायला नको. 2023 मध्ये इथे कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प सुरू झाला, पण ओला कचरा नीट जळत नाही. दिवसाला 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असं 2016 च्या नियमांत सांगितलं होतं. भाजीची देठं, साली आणि वाळकी पानं भोकं पाडलेल्या बादलीत थरांनी टाकली तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. तेवढाच कचरा डेपोच्या गाडीत कमी जातो.

मग पैसे वाचतात का?

टोमॅटो-कांद्यात फारसे नाही. चार कुंड्या घरातल्या चौघांना पुरणार नाहीत, त्यासाठी मोशीचा उपबाजार आहेच. पण चिमूटभर लागणारी कोथिंबीर, चार मिरच्या, कढीपत्ता आणि लिंबू यांत घरची बाग खरंच कामाला येते. त्यामुळे कुंडी भरताना बाजारभाव बघू नका, महिना बघा.