आवाज कुठे अडला?



स्वातंत्र्यदिनाच्या तालमीची गोष्ट आहे. आपल्या संगणक कक्षातल्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे. त्यातल्या रिदमबॉक्स या गाणी वाजवण्याच्या प्रोग्राममध्ये समूहनृत्याचे गाणे लावले. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, पण स्पीकर मुका. मुली रांगा धरून उभ्या आणि आम्ही मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. कोणी म्हणाले, स्पीकर जळाला. कोणी म्हणाले, हे लिनक्सच काढून टाका. मी स्वतः संगणक दोनदा बंद करून चालू केला. काही फरक पडला नाही. शेवटी टाळ्यांच्या ठेक्यावर तालीम उरकली.

दुसऱ्या दिवशी नववीतल्या दोन मुलींनी दोष शोधून काढला. त्यांनी आधी तेच गाणे व्हीएलसी या दुसऱ्या प्रोग्राममध्ये लावले. तिथेही आवाज नाही. म्हणजे दोष बहुधा रिदमबॉक्सचा नव्हे. मग स्पीकरची पिन काढून मोबाइलला लावली. स्पीकर खणखणीत वाजला. म्हणजे स्पीकर आणि त्याची वायरही ठीक. उरला मधला भाग. आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहिले, तर आवाज एचडीएमआयच्या वाटेने पाठवलेला. आदल्या दिवशी आम्ही प्रोजेक्टर जोडला होता, तेव्हाची ती निवड. आता त्या वायरीवर मॉनिटर होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! गाणे वाजत होते, पण जिथे ऐकायला येईल तिथे पोचत नव्हते. निवड बदलली आणि आवाज आला. खर्च शून्य रुपये.

आपल्या भागात संत्र्याची बाग सगळ्यांनी पाहिली आहे. शेवटच्या झाडाला पाणी पोचले नाही, तर कोणी शेतकरी लगेच नवी विहीर खोदत नाही. मोटर चालू आहे का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, नळी कुठे फुटली का, हे तो क्रमाने पाहतो. जिथपर्यंत पाणी येते आणि जिथून पुढे येत नाही, त्या दोहोंच्या मध्येच दोष असतो. संगणकातला आवाजही असाच वाहत येतो. आधी गाण्याची फाइल. ती उलगडणारा कोडेक. मग वाजवणारा प्रोग्राम. त्यापुढे निरनिराळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणारा पल्सऑडिओ किंवा अलीकडचा पाइपवायर. मग लिनक्सच्या गाभ्यातला अल्सा, जो साउंड कार्डाशी बोलतो. शेवटी वायर आणि स्पीकर.

विद्यार्थ्यांनी यातल्या काही खुणा लक्षात ठेवाव्यात. एकच गाणे वाजत नाही आणि बाकीची वाजतात, तर फाइल किंवा कोडेक पाहा. एकाच प्रोग्राममध्ये आवाज नाही, तर त्या प्रोग्रामचा स्वतःचा आवाज बंद आहे का ते पाहा. कुठेच आवाज नाही, तर आउटपुट पाहा. त्यानेही भागले नाही, तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसले तर ती मुकी आहे. ती निवडून एम दाबली की उघडते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने बरे झाले ते कधीच कळत नाही. आमचे त्या दिवशी ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असे झाले, ते याच कारणाने.

आता माझे मत सांगतो. संगणक बंद पडला की बाहेरून माणूस बोलवायचा, हा नियम आपण बदलला पाहिजे. दोष शोधणे हाच संगणकाचा खरा धडा आहे. परीक्षेत मुले व्याख्या लिहितात. पण ‘कुठपर्यंत ठीक आहे?’ हा प्रश्न विचारायला व्याख्येने येत नाही. तो शेतात, दवाखान्यात आणि कारखान्यातही उपयोगी पडतो. अर्थात विजेच्या जोडणीला आणि पॉवर सप्लायला मुलांनी हात लावायचा नाही. ते काम जाणकाराचेच.

दुसरी अडचण भाषेची आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पडद्यावर इंग्रजी सूचना आली की आजही माझा हात आधी ती बंद करायच्या बटणाकडे जातो. पण दोष नेमका काय आहे, ते बहुधा त्याच सूचनेत लिहिलेले असते. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ हे लिनक्स आणले, मराठीतही लिनक्सचा पडदा दिसू शकतो. तरी दुरुस्तीच्या सूचना पुष्कळदा इंग्रजीतच येतात. म्हणून संगणक कक्षात एक दुरुस्ती वही ठेवावी असे मला वाटते. काय बिघडले, पडद्यावर काय लिहून आले, काय तपासले, कशाने सुधारले, हे मुलांनी मराठीत लिहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना तीच वही गुरू होईल.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून ते सगळे भंगारात काढावेत, असा विचार पुढे येतो. लिनक्सवर ते आणखी काही वर्षे काम देतील. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिक्षण उभे केले आहे. ती वाट आपल्यालाही मोकळी आहे. नवे संगणक नकोत असे मी म्हणत नाही. पण जुना संगणक काढण्यापूर्वी तो मुलांच्या हाती आठ दिवस द्यावा आणि वहीतली नोंद वाचून मग निर्णय घ्यावा.

पालकांनीही घरचा रेडिओ किंवा मोबाइल मुका झाला, तर मुलांना रागावण्याआधी एवढेच विचारावे, “बाळा, आवाज कुठपर्यंत येतो आहे?”