इज्जतीच्या राखणदारांना जाब कोण विचारणार?

‘इज्जतीसाठी मुलीचा खून’ असा मथळा पेपरात येतो, तेव्हा खुन्याने दिलेलं कारण आपण जसंच्या तसं उचलून छापतो. चोराने ‘गरज होती’ असं सांगितलं म्हणून त्याच्या चोरीला कुणी ‘गरजेची चोरी’ असं नाव ठेवत नाही. बाईच्या खुनाचं बारसं मात्र खुनीच करतो, आणि पोलीस, वकील, पत्रकार सगळे तेच नाव घेऊन पुढे चालतात. जॉर्डनमधल्या काही स्त्री-पुरुषांनी १९९९ साली या खुनांविरुद्ध मोहीम उभारली तेव्हा समितीच्या नावातच त्यांनी ‘तथाकथित’ हा शब्द घातला. तथाकथित इज्जतीचे गुन्हे. त्या एका शब्दामागे किती चर्चा झाली असेल, हे चळवळीत काम करणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

जॉर्डनबद्दल लिहायचं कारण आहे. प्रशिक्षण शिबिरांत अरब देशांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्यांच्यात असंच असतं हो, त्यांचा धर्मच तसा.’ या एका वाक्याने दोन गोष्टी साधतात. आपण सुटतो, आणि तिथला पुरुषही सुटतो. धर्मच जबाबदार, परंपराच जबाबदार म्हटल्यावर ज्याने गळा चिरला त्याला कोण काय विचारणार? जॉर्डनच्या बायका गेली तीस वर्षं नेमका हाच प्रश्न विचारताहेत, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

१९९४ साली अम्मानमध्ये सोळा वर्षांच्या एका मुलीचा तिच्या भावाने खून केला. तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि बलात्कार करणारा तिचाच दुसरा भाऊ होता. ‘जॉर्डन टाइम्स’ची तरुण बातमीदार राणा हुसैनी चौकशी करत त्या वस्तीत गेली. मुलीचे काका भेटले. तिनेच भावाला नादी लावलं, असं त्यांनी सांगितलं. एका घरात दोन गुन्हेगार पुरुष, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा सगळा राग मेलेल्या मुलीवर! हुसैनीने त्यानंतर अशा प्रत्येक खुनाची बातमी द्यायचं ठरवलं. तोवर ‘मुलगी मेली’ एवढ्या दोन ओळींत हे प्रकरण संपायचं. वर्षाला पंधरा ते वीस खून हा आकडा पुढे अनेक वर्षं अहवालांत येत राहिला, तो मुळात कुणीतरी मोजायला लागल्यामुळे.

अरबीत मानासाठी दोन शब्द आहेत. ‘शरफ’ म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा. पराक्रमाने, औदार्याने, पाहुणचाराने ती वाढते, चुकीने कमी होते, पुन्हा कमावताही येते. ‘इर्द’ मात्र घरातल्या बायकांच्या चारित्र्यावर टिकलेली, आणि ती फक्त जाऊ शकते. आपल्याकडे ‘बाईची अब्रू काचेचं भांडं’ म्हणतात, तोच हिशेब. पुरुष शरफ कमावणार आणि बाई इर्द सांभाळणार. इर्द गेली तर शरफही जाते, म्हणून बाप-भाऊ-चुलते राखणदार. राखणदाराच्या घरातच बलात्कार झाला तर राखणदारी कुणाची हुकली, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. चौकीदाराला जाब विचारायचा सोडून तिजोरी फोडून टाकायची, असा हा प्रकार आहे.

कायदा यात कुठे येतो? जॉर्डनच्या १९६० च्या दंडसंहितेतलं कलम ३४० जगभर गाजलं. बायको, मुलगी, बहीण व्यभिचार करताना सापडली आणि पुरुषाने तिला तिथेच मारलं तर त्याला माफी, असं ते मूळ कलम. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. संपूर्ण माफी गेली, शिक्षेत सूट राहिली, आणि समानता म्हणून बायकोलाही ती सूट दिली. पण कशी? नवरा राहत्या घरात सापडला तरच. पुरुषाला बायको कुठेही सापडलेली चालते. म्हणजे नवऱ्याने घराबाहेर काय केलं याच्याशी बायकोचा संबंध नाही, हे कायद्याने लिहूनच दिलं. इजिप्तमध्येही हेच माप आहे. तिथे व्यभिचारी बायकोला दोन वर्षांपर्यंत कैद, कुठेही केला तरी. नवऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि तीही घरात केला तरच.

गंमत अशी (गंमत म्हणायची का हा प्रश्नच आहे) की हे गाजलेलं ३४० न्यायालयात क्वचितच वापरलं जात होतं. त्यात ‘प्रत्यक्ष पकडलं’ हे सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक खून पकडून झालेलेच नसतात. ते कुजबुजीवरून होतात. कुणाशी तरी बोलताना दिसली, घरातून निघून गेली, मनाने लग्न केलं, किंवा नुसता संशय. शवविच्छेदनात कितीतरी मुलींचा कुणाशीही संबंध आलेला नव्हता असं तिथल्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी वारंवार सांगितलं आहे. खुन्यांना सोडवण्याचं खरं काम करत होतं कलम ९८. मृत व्यक्तीच्या बेकायदा आणि धोकादायक वागण्यामुळे तीव्र संतापाच्या भरात गुन्हा केला, तर शिक्षा कमी. बाईचं घराबाहेर पाऊल टाकणं हे ‘धोकादायक वागणं’ ठरलं. संताप ऐकीव बातमीवरून आलेला असला तरी न्यायाधीश तो मान्य करत. १९९० च्या दशकात सहा महिने, वर्ष अशा शिक्षा सर्रास होत. कच्च्या कैदेतले दिवस वजा करून माणूस घरी.

आणि त्यावर कलम ९९. मृताच्या कुटुंबाने आपला हक्क सोडला, तक्रार मागे घेतली, तर शिक्षा निम्म्यापर्यंत खाली येते. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा खून केला तर या तरतुदीमागचा विचार कळतो. दोन घराण्यांतलं वैर मिटावं, सूड थांबावा. पण इथे खून करणारा भाऊ, माफ करणारा बाप. मारणारं आणि माफ करणारं घर एकच! आई माफी देते, कारण मुलगी गेली आणि आता मुलगाही तुरुंगात गेला तर खायला कोण घालणार. तिच्या माफीला माफी म्हणायचं का?

यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट अजून सांगायची आहे. बऱ्याचदा खुनासाठी घरातला सर्वांत लहान मुलगा निवडला जातो. अठराच्या आतला असला म्हणजे बालगुन्हेगार. शिक्षा थोडी, रवानगी सुधारगृहात. काका, बाप, थोरले भाऊ बैठक घेतात, ठरवतात, आणि पोराच्या हातात शस्त्र देतात. आदल्या दिवशीपर्यंत जिच्या हातचं खाल्लं त्या बहिणीला मारायला त्याला पाठवतात. तो बाहेर येतो तेव्हा त्याला ‘मर्द’ म्हणून मिरवतात. त्या मुलाचं पुढे काय होतं, रात्री तो झोपतो का, हे कुणी विचारत नाही. न्यायालयात उभा राहतो सोळा वर्षांचा हात. हुकूम देणारं साठ वर्षांचं तोंड प्रेक्षकांत बसून असतं. आणि ‘संतापाचा भर’ या शब्दांत ती बैठक, ती निवड, ते शस्त्र आणून देणं, सगळं गडप होतं. बैठक घेऊन येणारा संताप मी तरी अजून पाहिलेला नाही.

हे सगळं ‘आमची परंपरा’ म्हणून राखलं जातं, म्हणून तिची वंशावळ पाहायला हवी. व्यभिचारी बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला सवलत हे कलम नेपोलियनच्या १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेत होतं. १८५८ च्या ऑटोमन संहितेने ते उचललं आणि तिथून ते अरब देशांच्या कायद्यांत उतरलं. खुद्द फ्रान्सने ते रद्द केलं १९७५ मध्ये. इस्लामी कायद्यात व्यभिचार सिद्ध करायला चार प्रत्यक्ष साक्षीदार लागतात, खोटा आळ घेणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे, आणि व्यभिचाराची शिक्षा स्त्री-पुरुषांना सारखी आहे. त्या शिक्षांचं समर्थन मी करत नाही. पण संशयावरून बहिणीला मारणारा भाऊ धर्माचं नाव घेतो तेव्हा तो कुणाचा कायदा पाळतोय, ते पाहा. कुवेतच्या १९६० च्या संहितेतलं कलम १५३ तर आपल्या ओळखीच्या नाण्यात होतं. बायको, मुलगी, बहीण किंवा आईच्या अशा खुनाला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद किंवा तीन हजार रुपये दंड. रुपये! कारण तेव्हा आखातात भारतीय रुपया चालत होता. तिथल्या बायकांनी २०१५ पासून मोहीम चालवली तेव्हा कुठे २०२५ मध्ये ते कलम गेलं. आणि संतापाच्या सवलतीला अरबी म्हणून नाक मुरडण्याआधी १९५९ चं नानावटी प्रकरण आठवावं. मुंबईच्या ज्यूरीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं होतं, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

जॉर्डनच्या मोहिमेने १९९९ मध्ये सुमारे पंधरा हजार सह्या गोळा केल्या. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्या नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी २००० मध्ये ३४० रद्द करायला नकार दिला. पाश्चात्त्यांचं कारस्थान आहे, बायका मोकाट सुटतील, ही भाषणं आपण इथेही ऐकतो, त्यामुळे ती उतरवून काढत नाही. एवढंच सांगते की ऐंशी जणांच्या त्या सभागृहात तेव्हा एकही बाई नव्हती. १९९३ मध्ये तौजान अल-फैसल निवडून आलेली पहिली स्त्री. त्याआधी १९८९ साली एका लेखावरून तिच्यावर धर्मद्रोहाचा खटला भरला गेला होता, आणि तिचं लग्न मोडावं अशी मागणी झाली होती. १९९७ मध्ये ती हरली, आणि त्या वर्षी दुसरीही कुणी जिंकली नाही. बायकांनी जगावं की मरावं हा ठराव पुरुषांनी पुरुषांत मांडला आणि पुरुषांनीच फेटाळला.

मग ज्या मुलींच्या जिवाला धोका होता त्यांचं सरकारने काय केलं? त्यांना तुरुंगात टाकलं. १९५४ च्या गुन्हे प्रतिबंधक कायद्याखाली जिल्ह्याचा गव्हर्नर मुलीला ‘संरक्षणासाठी’ कैदेत ठेवू शकत होता. खटला नाही, मुदत नाही. धमकी देणारा भाऊ बाहेर, धमकी मिळालेली बहीण आत, आणि काहीजणी दहा-दहा वर्षं आत. सुटका हवी तर घरच्या पुरुषाने येऊन हमी द्यायची. म्हणजे जिच्यापासून धोका त्याच घराच्या सहीवर ती बाहेर येणार! हमी देऊन नेलेल्या मुलींचे खून झाल्याचं मानवी हक्क संघटनांनी नोंदवलेलं आहे. अशा मुलींसाठी ‘दार आमना’ हे निवारागृह उघडलं २०१८ मध्ये. धमकावणाऱ्या पुरुषालाच आत घालावं, हे इतक्या वर्षांत सरकारला सुचलं नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला केस पेपर लिहायला शिकवतात. बाईचं माहेर, शिक्षण, स्वभाव, ‘संबंध’ यांची दोन पानं भरतात. नवऱ्याच्या रकान्यात ‘मद्यपी’ एवढा एक शब्द. गव्हर्नरचं रजिस्टर काही वेगळं नसणार.

कलम ३०८ ची तऱ्हा तीच. बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं तर खटला थांबे, आणि त्याने काही वर्षं तलाक दिला नाही की त्याचा गुन्हा धुऊन निघे. मुलीला जन्मठेप, त्याला संसार. ‘लग्न लावून मिटवून टाका, पोरीचंच भलं आहे’ हे वाक्य आमच्या समुपदेशन केंद्रात अजून ऐकू येतं, फरक इतकाच की आपल्याकडे ते कायद्यात लिहिलेलं नाही. मोरोक्कोने अशी तरतूद २०१४ मध्ये काढली. ट्युनिशिया, जॉर्डन आणि लेबनॉनने २०१७ मध्ये.

या लढ्याला बाहेरच्या ‘मदतीने’ केवढा घाव घातला तेही सांगायला हवं. २००३ साली जॉर्डनमधल्या आपल्या मैत्रिणीच्या खुनाची सत्यकथा म्हणून नॉर्मा खूरी हिचं पुस्तक पाश्चात्त्य देशांत धडाधड खपलं. २००४ मध्ये ते बनावट निघालं. चुका शोधून काढल्या त्या अम्मानच्याच बायकांनी, त्र्याहत्तर चुकांची यादी केली, कारण अशा खोट्या कथेची किंमत त्यांना भरावी लागणार होती. ‘बघा, हे सगळं परक्यांनी रचलेलं’ म्हणायला विरोधकांना आयतं निमित्त मिळालं. दुसऱ्या समाजातल्या बाईचं दुःख चवीने वाचणाऱ्यांपासून त्या बाईला फायदा होत नाही, हे आपल्या देशात ज्यांना मुस्लिम बायकांचा अचानक कळवळा येतो त्यांच्याकडे पाहूनही कळतं.

२०१७ मध्ये जॉर्डनने कलम ९८ ची संतापाची पळवाट बाईच्या ‘इज्जतीच्या’ खुनांसाठी बंद केली. हे मोठं यश आहे, बायकांनी पंचवीस वर्षं झिजून मिळवलेलं. पण ३४० तसंच ठेवलं, आणि ९९ ला हात लावला नाही. जुलै २०२० मध्ये अम्मानजवळ एका बापाने मुलीला रस्त्यावर दगडाने ठेचून मारलं आणि प्रेताशेजारी बसून चहा घेतला, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. त्यानंतर बायका फलक घेऊन संसदेसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या मागण्यांत ९९ होतं. मारणारा आणि माफ करणारा एकाच घरातला असेल तर ती माफी न्यायालयाने मोजू नये, एवढं साधं म्हणणं. घरातल्या खुनात घराला फिर्यादी मानू नका, सरकारने मुलीच्या बाजूने उभं राहावं. त्या मागणीला संसदेने अजून उत्तर दिलेलं नाही.